लेबर रूमचं रजिस्टर कोण वाचतं?

जन्मल्यावर न रडलेलं बाळ थंड ठेवायचं, हा उपचार इंग्लंड-अमेरिकेतल्या नवजात कक्षांत बरीच वर्षं रूढ आहे. कळांच्या वेळी प्राणवायू कमी पडून मेंदूला इजा झालेल्या बाळाला पहिल्या सहा तासांत थंड गादीवर घेतात, अंगाचं तापमान ३३.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरवतात आणि ७२ तास तिथेच धरून ठेवतात. तिकडच्या अभ्यासांत यामुळे बाळं वाचली, पुढचं अपंगत्वही कमी झालं. साहजिकच आपल्याकडच्या मोठ्या रुग्णालयांनीही तो उचलला. मग भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या सात मोठ्या नवजात कक्षांनी ४०८ बाळांवर तो काटेकोरपणे तपासून पाहिला. त्या सातांत आपल्या शेजारचं, मुंबईतलं शीव रुग्णालयही होतं. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातले डॉ. सुधीन थय्यिल या अभ्यासाचे प्रमुख होते. निष्कर्ष २०२१ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. थंड ठेवलेल्या बाळांपैकी ४२ टक्के दगावली आणि नेहमीची शुश्रूषा मिळालेल्यांपैकी ३१ टक्के.

या निष्कर्षावर आपल्याकडच्या नवजात-तज्ज्ञांचं एकमत नाही. कोणती बाळं निवडली, त्यांची इजा नेमकी कधी झाली, यावर बराच वाद झाला. तो व्हायलाच हवा. संशोधकांचं म्हणणं असं, की आपल्याकडे अनेक बाळांचा मेंदू जन्माच्या क्षणी अचानक गुदमरत नाही. लांबलेल्या कळांत, तासन्‌तास, थोडा थोडा गुदमरत येतो. बाळ हाती येईपर्यंत उशीर झालेला असतो. ते खरं असेल तर त्याचा उपाय नवजात कक्षातल्या महागड्या यंत्रात नाही. तो त्याआधीच्या, प्रसूतीच्या टेबलावर आहे. दर अर्ध्या तासाने पोटाला यंत्र लावून बाळाचे ठोके ऐकणाऱ्या सिस्टरच्या हातात आहे.

माझी सगळी नोकरी ठाणे जिल्ह्यातल्या प्रसूतिगृहांत परिचारिका म्हणून गेली. त्या जोरावर एक मागणी करते. ठाणे आणि नवी मुंबईतल्या सार्वजनिक रुग्णालयांनी आपल्याकडच्या बाळंतपणांचा नीट अभ्यास करावा, तो छापावा आणि ज्यांच्या पैशातून ही रुग्णालयं चालतात त्यांना मराठीत वाचायला द्यावा. हा हौसेचा विषय नव्हे. औषध देणं, टाके घालणं हे जसं उपचारात येतं, तसंच हेही येतं.

आपल्याकडे काय कमी आहे? कळव्याला महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि त्याला जोडलेलं राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय आहे. खाडीपलीकडे नेरुळला आणि कामोठ्याला खाजगी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. वाशी, ऐरोली, नेरुळला नवी मुंबई महापालिकेची रुग्णालयं आहेत. जिल्ह्याच्या एका टोकाला घोडबंदर रोडचे चाळीस मजली टॉवर, दुसऱ्या टोकाला शहापूर-मुरबाडचे पाडे, मध्ये मुंब्रा, दिवा, भिवंडी. एकाच जिल्ह्यात इतक्या तऱ्हांची बाळंतपणं होतात, की संशोधकाला आणखी कुठे जायची गरज पडू नये.

कमी आहे ते वाचणारं माणूस. लेबर रूमच्या रजिस्टरात सगळं लिहिलेलं असतं. नाव, वय, पत्ता, कितवी खेप, दिवस भरलेले की अपुरे, कुठून रेफर झाली, बाळाचं वजन, बाळ लगेच रडलं की नाही, वार कधी पडली. महिनाअखेरीला त्यातून मोजके आकडे काढायचे आणि वर पाठवायचे. वरून विचारणा यायची ती आकडा वेळेत का आला नाही याची. या महिन्यात दीड किलोखालची बाळं जास्त का गेली, असं मला कधी कुणी विचारलं नाही. रजिस्टर भरलं की दोरीने बांधून माळ्यावर जातं. त्यात एका शहराच्या मातांचा आणि बाळांचा अख्खा इतिहास असतो.

जून २०२४ मध्ये कळव्याच्या रुग्णालयात एका महिन्यात २१ नवजात बालकं दगावल्याची बातमी आली. प्रशासनाने सांगितलं, की बरीचशी बाळं अपुऱ्या दिवसांची, कमी वजनाची होती आणि काही बाहेरून शेवटच्या क्षणी आणलेली होती. विरोधकांनी निष्काळजीपणाचा आरोप केला. मला दोन्ही बाजूंना एकच विचारायचं आहे. आदल्या जूनमध्ये किती? त्याच्या आदल्या? दर हजार जन्मांमागे, दर वजनगटामागे किती? एक किलो ते दीड किलोच्या बाळांपैकी आपल्याकडे किती घरी जातात आणि शीवला किती जातात? हे तक्ते सहा वर्षांचे समोर असते तर प्रशासनाचं म्हणणं खरं की खोटं हे एका बैठकीत कळलं असतं. ते खरं असेल तर तिथल्या डॉक्टर-सिस्टरांवरचा डाग पुसला गेला असता. खोटं असेल तर पुढच्या जूनमधली काही बाळं वाचली असती. आकडे नसले की उरते ती फक्त ओरड, आणि ओरड आठ दिवसांत विरते.

राज्याच्या सरासरीवर समाधान मानू नये. नमुना नोंदणी पाहणीनुसार २०१८-२० मध्ये देशात दर लाख जिवंत जन्मांमागे ९७ माता दगावत होत्या, महाराष्ट्रात ३३. नवजात मृत्युदर २०२० साली देशात हजारी २० होता, आपल्याकडे ११. अभिमान वाटावा असेच आकडे आहेत. पण सरासरीत हिरानंदानी इस्टेट आणि दिव्याची चाळ एकाच ओळीत बसतात.

आता एका औषधाची हकीकत सांगते. प्रसूतिशास्त्रात याहून बोलकी दुसरी मला माहीत नाही.

न्यूझीलंडमधल्या ऑकलंडचे डॉ. लिगिन्स मेंढ्यांवर प्रयोग करत होते. स्टेरॉइड दिलेल्या मेंढीची कोकरं अपुऱ्या दिवसांत जन्मूनही श्वास घेत होती. त्यांची फुप्फुसं वेळेआधी तयार झाली होती. मग हॉवी या बालरोगतज्ज्ञांना सोबत घेऊन त्यांनी बायकांवर अभ्यास केला आणि १९७२ मध्ये तो छापला. अपुऱ्या दिवसांत कळा सुरू झालेल्या बाईला हे इंजेक्शन दिलं, तर बाळाचा श्वास सुधारतो आणि मृत्यू कमी होतात. इतका स्वस्त, इतका सोपा उपाय. तरी जगभरातल्या डॉक्टरांनी तो सर्रास वापरायला नव्वदचं दशक उजाडलं. पुढचे अभ्यास छापले जात होते, पण विखुरलेले. ते गोळा करून एकत्र मांडणारं कुणी नव्हतं. त्या वीस वर्षांत किती बाळं श्वासाविना गेली असतील? वैद्यकीय पुरावे गोळा करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने आपल्या बोधचिन्हात याच इंजेक्शनच्या अभ्यासांचा आलेख घेतला, तो या दिरंगाईची आठवण राहावी म्हणून.

पण हकीकत इथे संपत नाही, आणि आपल्याला शिकण्यासारखं आहे ते पुढेच. इंजेक्शन इतकं चांगलं आहे तर गावोगावी का देऊ नये, म्हणून सहा देशांत सुमारे एक लाख जन्मांवर मोठा अभ्यास झाला. भारतातली त्याची केंद्रं बेळगाव आणि नागपूर होती. २०१५ मध्ये निष्कर्ष आला तेव्हा सगळे हादरले. सर्वांत लहान बाळांचे मृत्यू कमी झालेच नाहीत. उलट एकूण नवजात मृत्यू थोडे वाढले आणि मातांमधला जंतुसंसर्गही वाढला. कारणांचा विचार झाला तेव्हा दोन गोष्टी पुढे आल्या. दिवस किती भरलेत याचा अंदाज नीट नव्हता, त्यामुळे गरज नसलेल्या अनेकींना इंजेक्शन गेलं. आणि जन्मलेल्या चिमुकल्या बाळाला सांभाळायला पुढे पुरेशी सोय नव्हती.

मग जागतिक आरोग्य संघटनेने पुन्हा अभ्यास केला. या वेळी बांगलादेश, भारत, केनिया, नायजेरिया आणि पाकिस्तानातली २९ रुग्णालयं, २८५२ बायका. दिवस सोनोग्राफीने ठरवलेले आणि बाळाची किमान शुश्रूषा होईल याची खात्री केलेली. इंजेक्शन मिळालेल्यांची १९.६ टक्के बाळं दगावली, न मिळालेल्यांची २३.५ टक्के. म्हणजे साधारण २५ बायकांना दिलं की एक बाळ जास्त वाचतं. हा निष्कर्ष २०२० चा.

इंजेक्शन त्याच प्रकारचं. फरक पडला तो भोवतालच्या व्यवस्थेने. आता ही गोष्ट कळव्याला आणून बघा. दिवाळीनंतर जिल्ह्यातली कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात. त्यांतली बाई सातव्या महिन्यात कळा घेऊन आली, तर तिची पहिल्या तिमाहीतली सोनोग्राफी कुठे झालेली असते? शेवटची पाळी कधी, तर भात कापायला आलं होतं तेव्हा. या एका उत्तरावर डॉक्टरने ठरवायचं, की बाळ तीस आठवड्यांचं आहे की छत्तीस. इंजेक्शन द्यायचं की नाही हे त्यावर ठरतं. आपल्याकडे येणाऱ्या किती बायकांचे दिवस खात्रीने माहीत असतात, हा प्रश्न कुणी अभ्यासासाठी घेतला, तर त्याचं उत्तर थेट कामाला लावता येईल. मुरबाडला आणि मुंब्र्याला पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी मोफत आणि घराजवळ मिळणं हा नवजात मृत्यू रोखण्याचा उपाय आहे की नाही, हे त्यातून कळेल. माझी खात्री आहे की आहे. पण माझ्या खात्रीवर पैसे खर्च होत नाहीत, होऊही नयेत.

‘आधी खाटा द्या, डॉक्टर द्या, औषधं द्या, संशोधन मग बघू’ हा आक्षेप मला सगळ्यात जवळचा वाटतो, कारण एका खाटेवर दोन बाळंतिणी मी स्वतः निजवलेल्या आहेत. खाटा हव्यातच. पण कुठे? प्रसूती कक्षात, की नवजात कक्षात, की दोन्हींच्या मधल्या दारात? दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयाने आणि आफ्रिकेतल्या चार देशांच्या रुग्णालयांनी मिळून केलेला अभ्यास २०२१ मध्ये छापून आला. एक किलो ते १.८ किलोच्या आतल्या बाळांना स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मापासूनच आईच्या किंवा घरातल्या बाईच्या उघड्या छातीशी ठेवलं. दोन्ही गटांत मिळून ३२११ बाळं होती. पहिल्या महिन्यात छातीशी ठेवलेल्यांतली १२ टक्के दगावली, काचेच्या पेटीत सुरुवात केलेल्यांतली १५.७ टक्के. फायदा इतका स्पष्ट होता, की अभ्यास मध्येच थांबवावा लागला.

याचा अर्थ इमारतीच्या नकाशात उतरतो. आईची खाट नवजात कक्षाच्या आत हवी. आज बहुतेक ठिकाणी आई एका मजल्यावर, बाळ दुसऱ्यावर आणि बाप जिन्यात असतो. टाके ओले असलेली बाई दर दोन तासांनी जिना चढून दूध पाजायला येते. ठाण्यात जुन्या सिव्हिल रुग्णालयाच्या जागेवर नवी मोठी इमारत उभी राहते आहे. तिच्या नवजात विभागात आईसाठी किती खाटा धरल्या आहेत, हा प्रश्न नगरसेवकांनी, आमदारांनी आत्ताच विचारायला हवा. भिंती झाल्यावर तो विचारून उपयोग नाही. संशोधन वाचलेलं असलं की खाट कुठे टाकायची हे कळतं. न वाचता टाकलेल्या खाटेने गर्दी कमी होते, मृत्यू कमी होतीलच असं नाही.

आणि हे काम परदेशातले मोठे लोकच करतात असंही नाही. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेता येते हे दाखवलं. ३९ गावांत काम केलं, ४७ गावं तुलनेला ठेवली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेत ६२ टक्क्यांनी खाली होता. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने ते छापलं. २०११ मध्ये देशाने आशा कार्यकर्तीच्या घरभेटींची योजना त्यावर उभी केली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाताई जाते, ती त्या एका संशोधनामुळे. शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली, तीही एका महापालिकेच्याच रुग्णालयात.

बेळगावचं उदाहरण तर मला फार प्रिय आहे. बाळंतपणानंतर किती रक्त गेलं, हे आम्ही डोळ्यांनी ठरवायचो. चादर किती भिजली, ट्रेमध्ये किती साचलं, आणि रकान्यात ‘नॉर्मल’. बेळगावच्या संशोधकांनी बाईच्या खाली खुणा केलेली प्लॅस्टिकची मोजपिशवी लावली आणि डोळ्यांच्या अंदाजाशी ताडून पाहिली. डोळ्यांचा अंदाज एक तृतीयांशाने कमी निघाला. त्याच भागात २००६ मध्ये आणखी एक अभ्यास छापला गेला. घरी किंवा उपकेंद्रात प्रसूती करणाऱ्या एएनएम, म्हणजे गावपातळीवरच्या सिस्टरांनी वार पडायच्या वेळी रक्तस्राव रोखणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या, आणि जास्त रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं. पुढे २०२३ मध्ये केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियात दोन लाखांहून जास्त प्रसूतींचा अभ्यास झाला. मोजपिशवी लावायची आणि रक्त जास्त दिसताच गर्भाशय चोळणं, औषधं, सलाइन हे सगळं एकदमच सुरू करायचं. गंभीर रक्तस्राव आणि त्यातून होणारी हानी ६० टक्क्यांनी घटली. एक प्लॅस्टिकची पिशवी! आपल्या प्रत्येक प्रसूतिगृहाच्या मागणीपत्रात ती पहिल्या ओळीत असायला हवी, आणि ती आल्यावर कळव्यात, ऐरोलीत, तुर्भ्यात काय फरक पडला हे मोजून लिहायला हवं.

दुसरा आक्षेप भीतीचा आहे. गरीब बाईवर प्रयोग करणार का? ही भीती वेडगळ नाही. वैद्यकाच्या इतिहासात गरिबांवर त्यांना न सांगता प्रयोग झालेले आहेत. म्हणूनच नैतिकता समित्या आल्या, आणि औषधचाचण्यांची राष्ट्रीय नोंदवहीत आधी नोंद करणं २००९ पासून बंधनकारक झालं. माझा आग्रह याहून पुढचा आहे. कळा देणाऱ्या बाईसमोर कागद धरून अंगठा घेणं ही संमती नव्हे. सातव्या-आठव्या महिन्यात तपासणीच्या दिवशी, बाकावर बसून, तिच्या भाषेत, म्हणजे मराठीत, हिंदीत, मुंब्र्याला उर्दूत, सासू-नवऱ्यासमोर समजावून सांगावं आणि विचार करायला पुढच्या तपासणीपर्यंतचा वेळ द्यावा. नाही म्हणाली तर उपचारात तसूभर फरक पडता कामा नये. आणि अभ्यास संपल्यावर काय निघालं हे तिला कळवावं. ही शेवटची गोष्ट जवळपास कुठेच होत नाही. बाईने रक्त दिलं, माहिती दिली, आणि निष्कर्ष ज्या इंग्रजी नियतकालिकात गेला ते तिच्या सुनेच्याही हाती पडणार नाही.

शिवाय प्रयोग न करणं म्हणजे सुरक्षित, असं मानण्यातही चूक आहे. बाळांना थंड ठेवण्याचा उपचार अभ्यासाशिवायही आपल्या रुग्णालयांत होतच होता. फक्त निकाल कुणी मोजत नव्हतं.

मी कोरड्या कागदांची वकिली करत नाही, हेही सांगते. बढतीसाठी लेख लागतात म्हणून घाईने छापलेले, पन्नास केसपेपरांवरून लिहिलेले, कुणी न वाचलेले निबंध पुष्कळ आहेत. एमडी करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला प्रबंध लिहावा लागतो. तो बांधून ग्रंथालयात जातो. वर्षागणिक नव्या मुलाने नवा विषय घेण्याऐवजी विभागाने पाच वर्षांसाठी एकच प्रश्न ठरवावा, जसं की जिल्ह्यातून रेफर होऊन येणाऱ्या मातेचा वेळ कुठे जातो, आणि दर वर्षीच्या विद्यार्थ्याने त्याचा पुढचा भाग करावा. शहापूरहून निघालेली गाडी भिवंडी बायपासला अडकते, कळव्याला खाट नाही म्हणून पुढे मुंबईला जाते, हे सगळ्यांना माहीत आहे. कोणत्या टप्प्यावर किती मिनिटं जातात आणि कोणत्या टप्प्यावर बाळाचे ठोके थांबतात, हे मात्र लिहून ठेवलेलं हवं. त्यासाठी एक सांख्यिकी जाणणारा माणूस आणि नोंदींचं काम पाहणारी एक सिस्टर, अशी दोन पदं प्रत्येक महापालिकेच्या अंदाजपत्रकात सहज मावतात.

खाजगी रुग्णालयांनाही यातून सुटका नको. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या सरकारी रुग्णालयांत १४.३ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या, खाजगीत ४७.४ टक्के. खाजगीवाले म्हणतात, आमच्याकडे गुंतागुंतीच्या केसेस जास्त येतात. त्याचाही निवाडा करता येतो. रॉबसन नावाच्या डॉक्टरांनी २००१ मध्ये बाळंतिणींची दहा गटांत विभागणी सुचवली, आणि २०१५ पासून जागतिक आरोग्य संघटना ती वापरायला सांगते. पहिलटकरीण, दिवस भरलेले, एकच बाळ, डोकं खाली, कळा आपोआप सुरू झालेल्या, हा पहिला गट. या गटातल्या किती जणींचं सिझर झालं, हा आकडा घोडबंदर रोडच्या आणि वाशीच्या प्रत्येक रुग्णालयाने दर वर्षी दर्शनी भागात लावावा. नर्सिंग होमची नोंदणी दर तीन वर्षांनी महापालिकेकडे नूतनीकरणाला येते. दोन्ही महापालिकांनी त्या अर्जासोबत हा दहा ओळींचा तक्ता मागायला सुरुवात करावी, आणि आपल्या स्वतःच्या प्रसूतिगृहांचा तक्ता त्याच्याही आधी जाहीर करावा.